जाळीत कोंबलेलं दुपटं

सगळ्यात आधी जहान गुल चाचांचं नाव लिहिते, मग बाकीचं. स्वातच्याही वर डोंगरात कुठेतरी त्यांचं गाव होतं. गावाचं नाव त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी नीट ऐकलं नाही. अंगणात अक्रोडाचं झाड आणि घराखाली ओढा, एवढंच लक्षात राहिलं. कॅरव्हान भाड्याने देणाऱ्या एका माणसाकडे ते कामाला होते. आपल्या पिकअपमागे ती पांढरी चाकांवरची खोली जोडायची, लोक म्हणतील तिथे वाळवंटात नेऊन उभी करायची, त्यांची हौस फिटेपर्यंत थांबायचं आणि परत आणायची. माझ्या बहिणीची मुलगी आज दहावीत आहे, कानात गाणी लावून घरभर फिरते, ती त्यांच्यामुळे. हे मी पंधरा वर्षांत कुणाला मोठ्याने सांगितलेलं नाही. माझं शिक्षण नववीपर्यंतचं, त्यामुळे लिहिताना हात अडतो. पण बोलताना तर जीभच उचलत नाही, म्हणून लिहितेच.

मी शारजाला आले ती ताईच्या बाळंतपणासाठी. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी, पण डॉक्टरांनी ताईला विमानाला नाही म्हटलं होतं, आणि आईला घर सोडता येत नव्हतं कारण अण्णा अंथरुणाला खिळलेले. त्यांच्यामुळेच माझी शाळा सुटली होती; आई बांधावर गेली की अण्णांना कूस बदलून द्यायला घरात कुणीतरी हवं ना. मग आईने ठरवलं, मंगलला पाठवायचं. वीस वर्षांची मी, आजऱ्याहून कोल्हापूरला दोनदा गेलेली, तेवढाच माझा प्रवास. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओवा, वावडिंग, आईच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली दुपटी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लहानशी लोखंडी शेगडी. आईने निघताना माझ्या हातावर हात ठेवून सांगितलं, "तेल, आंघोळ, धुरी. तिन्हीसांजेची धुरी चुकवायची नाही. आणि बाळाला वारं लागू द्यायचं नाही." मी ते देवाच्या आरतीसारखं पाठ केलं. मला शाळेत जे जमलं नव्हतं ते इथे जमवून दाखवायचं, असं माझ्या मनात होतं.

ताईचा फ्लॅट अल नहदात एकविसाव्या मजल्यावर. खिडकी उघडायची ती सणासुदीलाच. दिवसभर भिंतीतून एसीची घरघर, खालून गाड्यांचा न थांबणारा आवाज, आणि पाच वेळा बांग. ताई तिथे एका माल पाठवणाऱ्या कंपनीत हिशेब बघायची, भावोजी पुण्याचे, इंजिनीअर. दोघं माणसं चांगली. मला वेगळी खोली दिली होती, माझ्या आयुष्यातली पहिली. बाळ-बाळंतीण इस्पितळातून घरी आल्या त्या पहिल्या दिवशी मी बाथरूमबाहेर शेगडी पेटवली, निखाऱ्यावर ओवा, शेपा आणि लसणाची सालं टाकली, आणि बाळाला धुरावर धरलं न धरलं तोच छतावरचा एक पांढरा गोल डबा किंचाळायला लागला. मग जिन्यातलाही किंचाळायला लागला. वॉचमन धापा टाकत वर आला, "क्या जलाया? पूरा बिल्डिंग नीचे भागेगा!" ताई हसून हसून टाक्यांना हात लावून बसली. भावोजी हसले नाहीत. "मंगल, हे असलं घरात खलास. काय करायचं ते बाल्कनीत कर." तेव्हापासून मी बाल्कनीत धुरी द्यायची, दार सताड उघडं टाकून, खाली मुंगीएवढ्या गाड्या. आणि कुठेही गेले की आधी छताकडे बघायची सवय लागली, तो डबा आहे का. ही सवय लक्षात ठेवा.

बाळ अडीच महिन्यांचं झालं तेव्हा भावोजींच्या ऑफिसातल्या सावंतांनी बेत काढला. थंडीचे दिवस, दोन दिवसांची सुट्टी, अल ऐनच्या वाटेवर वाळवंटात मुक्काम. ताई म्हणाली, "मी चार महिने हे चारच पडदे बघतेय. मला घेऊन चला, नाहीतर मी एकटी चालत जाते." तंबूत बाळ-बाळंतीण कशी राहणार, म्हणून कॅरव्हान ठरली. मला तो शब्दही म्हणता येत नव्हता. मी आईला फोनवर सांगितलं, चाकांवरचं घर आहे, आत पलंग आहे, मोरी आहे, गॅस आहे. आई म्हणाली, "मग धुरीची सोय आहे म्हणायची."

सकाळी खाली उतरलो तेव्हा चाचा कॅरव्हानच्या चाकाला बुटाने ठोकून बघत उभे होते. मेंदी लावलेली तांबडी दाढी, राखाडी सलवार-कमीज, डोक्यावर लोकरीची गोल टोपी. पुढे त्यांची पिकअप आणि कॅरव्हान, मागे सावंतांची उंच गाडी, शेवटी आम्ही. कॅरव्हान जोरात नेता येत नाही, त्यामुळे सगळी वरात बैलगाडीच्या चालीने. आणि बाळ रडत होतं. शारजाची हद्द सुटल्यापासून जे रडायला लागलं ते थांबेना. पोटात वारा धरला होता. मी घुटी दिली, पोटाला हिंग लावला, पाय दुमडून पोटाशी दाबले. भावोजी सारखे आरशातून बघायचे, त्याची मला जास्त भीती वाटायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जाळीचं कुंपण, पलीकडे उंट, आणि मातीचा रंग हळूहळू पिवळ्याचा तांबडा होत चाललेला. पंपावर चहाला थांबलो तर सावंतांचा आठ वर्षांचा आर्यन काचेतून डोकावून म्हणाला, "आंटी, व्हाय इज शी सो लाऊड?" सावंत वहिनी म्हणाल्या, "मराठीत बोल रे, मावशीला कळत नाही." मला कळलं होतं. मी मनात म्हटलं, देवा, हिला एकदा गप्प कर. हे वाक्य मी खरंच म्हटलं. आजही कुठलं बाळ रडताना ऐकलं की ते मला पुन्हा ऐकू येतं.

डांबरी सोडून वाळूत शिरायच्या आधी चाचांनी सगळ्या चाकांतली हवा थोडी थोडी सोडली. फुस्स असा लांबलचक आवाज. मग पुढे जाऊन, उतरून, वाळू पायाने दाबून बघत त्यांनी दोन टेकाडांच्या मधली एक सपाट जागा निवडली. कॅरव्हानचे चार पाय खाली सोडले, फळ्या घातल्या, आत जाऊन वाटीत पाणी ठेवून बघितलं की ते एका बाजूला जातंय का. एवढ्या काळजीने घर उभं करणारा माणूस मी आमच्या गावातल्या गवंड्यांतही पाहिला नव्हता. मग त्यांनी मला आत बोलावलं, कारण घरातली बाई मीच असं त्यांनी ठरवलं होतं. पाण्याची चावी, गॅसचा खटका, खिडकीच्या कड्या. शेवटी छताकडे बोट केलं. तिथे हातभर चौकोनी झाकण होतं, अर्धं उघडं, त्याला जाळी. "बेटी, ये ऊपर वाला बंद नहीं करना. दरवाजा में, खिडकी में सब तरफ रबर है. ये डिब्बा इधर से साँस लेता है. और कोयला सिर्फ बाहर. समझा?"

"जी," मी म्हटलं.

समजलं नव्हतं असं नाही. कोळसा बाहेर, म्हणजे त्यांची ती मोठी शेगडी बाहेर, कोंबडी भाजायची ती, असं मला समजलं. धूर होतो, पडदे काळे होतात, मालक ओरडतो. आमच्या घरी कोळशाचा दोष म्हणजे धूर. निखारा लाल झाला, वर राखेची पांढरी साय धरली, धूर थांबला, की तो माणसाजवळ न्यायला चांगला. अशाच निखाऱ्यांवर मी वाढले, ताई वाढली. आमच्या घराला कौलं होती, भिंत आणि वासे यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट होती, पावसाळ्यात त्यातून झड आत यायची आणि आई त्या फटीला शिव्या द्यायची. त्या फटीनेच आम्हाला जगवलं होतं, हे मला अल ऐनच्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं.

दुपार बरी गेली. मी ताईसाठी भाकरी आणि शेपूची भाजी करून आणली होती, ती तिने सावलीत बसून खाल्ली आणि म्हणाली, "मंगे, इथे तुझ्या भाजीला वाळूची फोडणी आहे." सावंत वहिनींनी कोंबडीला मसाला लावून ठेवला. चाचा आपल्या पिकअपच्या सावलीला बसले होते. मी त्यांना एक डिंकाचा लाडू नेऊन दिला. त्यांनी तो हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, कुणासाठी करतात? मी म्हटलं, बच्चे की माँ के लिए. तर म्हणाले, आमच्याकडेही अक्रोड-तुपाचं असंच काहीतरी करतात, माझी आई माझ्या बायकोसाठी करायची. अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधून खिशात ठेवला. तेव्हा त्यांनी गावाचं नाव पहिल्यांदा सांगितलं. बाळ आत परत रडायला लागलं होतं, माझं लक्ष तिकडे.

ऊन कललं तशी थंडी एकदम आली, कुणी दार उघडल्यासारखी. भावोजी, सावंत, वहिनी आणि आर्यन असे चौघं सावंतांच्या गाडीतून पलीकडच्या उंच टेकाडावर सूर्यास्त बघायला निघाले. "यल्ला, चला, अर्ध्या-पाऊण तासात येतो," भावोजी म्हणाले, "चाचांनी शेगडी पेटवलीय, येऊन भाजू." मी बाळाला आत घेतलं. छताच्या जाळीतून गार वारा सरळ पलंगावर पडत होता, बाळाच्या टाळूवर. मी बघितलं, कानटोपी चढवली, तरी पडतच होता. झाकणाचा खटका मला ओढवेना. मग मी पलंगावर चढले, आणि आईच्या लुगड्याचं एक दुपटं घडी करून त्या जाळीत कोंबलं. घट्ट. चारी कोपरे बोटांनी आत सारले. वारा थांबला. ताई म्हणाली, "हुश्श."

आणि मग मी छताकडे नीट बघितलं. पांढरा गोल डबा कुठेही नव्हता. मला इतका आनंद झाला काय सांगू. दीड-दोन महिने बाल्कनीत चोरासारखी धुरी दिलेली, आज घरातल्यासारखी, दार लावून, बाळंतिणीच्या पायाशी शेगडी ठेवून देता येणार होती.

तिकडे बांग ऐकू येण्यासारखं काही नव्हतं, पण चाचांनी घड्याळ बघितलं, कॅनमधल्या पाण्याने हातपाय धुतले आणि टेकाडामागे नमाजाला गेले. आमची तिन्हीसांज आणि त्यांचा मगरिब एकच. मी चिमट्याने त्यांच्या शेगडीतले चांगले लाल निखारे निवडून माझ्या शेगडीत भरले, निम्म्याहून जास्त. विचारायला हवं होतं, पण नमाजाच्या माणसाला काय विचारायचं, असं मी स्वतःला म्हटलं. आत आणून ओवा-शेपा टाकला. वास भरला. बाळाला धुरावर धरलं, हात शेकून पोटाला लावला, टाळूला लावला. धूर थोडा वेळ राहिला आणि विरला. बाळ हळूहळू गप्प झालं. दिवसभरात पहिल्यांदा गप्प. ताई म्हणाली, "लागू पडली बघ आईची धुरी. शेगडी राहू दे गं इथेच, किती छान ऊब आहे. मी पाजते हिला. दाराची कडी लावते, चाचा येतील बाहेर." माझं डोकं जड झालं होतं. प्रवासाचा शीण असेल म्हटलं. मी दुपटी धुवायला म्हणून बाहेर आले, आणि माझ्यामागे ताईने कडी लावल्याचा आवाज मी ऐकला.

बाहेर बादलीजवळ बसले तर वाळू हलतेय असं वाटलं. मागच्या चाकाशी जाऊन ओकले. ओकून तिथेच बसून राहिले, किती वेळ ते माहीत नाही, आकाशात लाल होतं ते जांभळं झालं. मला आठवतं, मला बरं वाटत होतं. आतून रडण्याचा आवाज नव्हता. देवाने ऐकलं, असं मी बसल्या बसल्या म्हटलं.

चाचा नमाजानंतर पलीकडच्या मुक्कामावरच्या कुणा गाववाल्याला भेटून आले. त्यांनी शेगडीत वाकून बघितलं. "बेटी, मेरा कोयला किधर गया?"

मी कॅरव्हानकडे बोट केलं. "बच्चे को... गरम."

त्यांनी कॅरव्हानकडे बघितलं. काचा आतून धुरकट, वरची जाळी बंद. मी आयुष्यात एवढ्या मोठ्या वयाच्या माणसाला तसं धावताना पाहिलेलं नाही. त्यांनी दार ओढलं, ठोकलं, "बीबी! बीबी!" म्हणून ओरडले. आतून काही नाही. पिकअपमधून चाक काढायची लोखंडी कांब आणली आणि पलंगाकडची खिडकी बिजागऱ्यांसकट उखडली. आत वाकून आधी बाळ काढलं. ते माझ्या हातात दिलं नाही. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, आपल्या चादरीत तिला गुंडाळलं, पाठ चोळत, गालांवर फुंकर घालत, काहीतरी पुटपुटत. तिचे हात असे लोंबत होते, पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखे. मग माझ्यावर ओरडले, "दरवाजा! अंदर से खोल! साँस मत ले अंदर!" मी खिडकीतून आत शिरले, श्वास धरून कडी काढली. ताई पलंगावर कुशीवर होती, छातीशी बाळाची जागा तशीच, गाल लाल, एखाद्या ताप आलेल्या मुलीसारखे. आम्ही दोघांनी तिला ओढून वाळूवर आणलं. ताईच्या तोंडून एक घरघर निघाली. आणि तेवढ्यात चादरीतून बाळ रडलं. बारीक, चिरका, मांजराच्या पिलासारखा आवाज. चाचा वाळूवर बसले आणि त्यांनी आपलं तोंड चादरीत लपवलं.

सावंतांची गाडी आलीच होती. इस्पितळापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. अल ऐनला दोघींना ऑक्सिजन लावला, मलाही थोडा वेळ. डॉक्टर म्हणाले, बंद जागेत निखाऱ्यातून विषारी वायू निघतो, त्याला ना धूर ना वास. मग बाहेर बाकावर पोलीस आले, कॅरव्हानचा मालकही आला. विचारत होते ते हिंदीत, कारण सगळ्यांना तीच येत होती. कोयला किसका था? चाचा म्हणाले, मेरा. अंदर किसने रखा? चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "आग मेरी थी. आग छोड़ के मैं गया." भावोजी माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी हळूच, ओठ न हलवता म्हटलं, "मंगल, तू व्हिजिट व्हिसावर आहेस. काही बोलू नकोस." आणि मी बोलले नाही. भावोजी वाईट माणूस नव्हते. बायको आणि मूल आत होतं, त्यांना आणखी एक माणूस गमवायचं नव्हतं. पण बोलायचं की नाही हे तोंड माझं होतं.

पोलीस गेल्यावर चाचा माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी एवढंच विचारलं, "बच्ची रोती है?"

"रोती है," मी म्हटलं.

"फिर खैर है." आणि गावाचं नाव त्यांनी तेव्हा दुसऱ्यांदा सांगितलं, घरी कळवायचं आहे, तिकडे बहुतेक आता लवकरच जाईन, असं काहीतरी म्हणाले. मी रडत होते. नीट ऐकलं नाही.

महिन्याभराने सावंतांकडून कळलं की मालकाने त्यांना कामावरून काढलं आणि ते देशी परत गेले. बाळाला काही झालं नाही. ताई आठवड्याने घरी आली, हसत, जेवत. मग हळूहळू तिच्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. डॉक्टर म्हणाले, असं उशिरा होतं कधी कधी. हिशेब तिला जमेनात. गॅस लावून ती दुसऱ्या खोलीत जायची. बाळंतपणाचे ते महिने तर तिच्या डोक्यातून पुसूनच गेले, मुलीचे अडीच महिन्यांचे फोटो बघून ती विचारते, "ही कुठली गं?" नोकरी सुटली. भावोजींनी माझ्या व्हिसाचं बघितलं आणि मी राहिले, ती राहिलेच. मुलीला मी वाढवलं. सगळे म्हणतात मंगलने बहिणीसाठी आयुष्य दिलं. मी ऐकून घेते. कुणी असं म्हटलं की मला उठून पाणी प्यायला जावं लागतं.

मुलगी मला मावशी म्हणते, बाकी सगळं इंग्रजीत बोलते. मी मे महिन्यातही खिडकीची फट उघडी ठेवते, त्यावर ती रोज भांडते, "मावशी, द एसी इज ऑन!" ऑन असू दे, म्हणते मी. ती मी सोडलेल्या इयत्तेच्या पुढे गेली आहे. परवा तिने विचारलं, मावशी, तू शेगडी का ठेवलीस कपाटात, कधी वापरत तर नाहीस. मी सांगणार होते. सांगितलं नाही. हे लिहून झालं की आधी तिला वाचून दाखवेन, मग ताईला, ताई विसरली तरी परत.

चाचांच्या गावाचं नाव मी शोधते आहे. बकाल्यात, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, भाजीवाल्याकडे, टॅक्सीत, जिथे कुणी त्या बाजूचा भेटतो तिथे विचारते: वर डोंगरात, अक्रोडाचं झाड, खाली ओढा. लोक हसतात, तिकडे प्रत्येक घरात अक्रोड आहे म्हणतात. विचारत राहीन. एक दिवस गावाचं नाव लागेल. मला तिकडे जाता आलं नाही तर चाचांच्या मुलांना फोन लावेन, त्यांची मुलं, नातवंडं, शेजारी जे असतील त्या सगळ्यांना जवळ बोलवायला सांगेन, आणि जे त्या बाकावर म्हणायला हवं होतं ते त्यांच्यासमोर म्हणेन: आग चाचा की थी, लेकिन कोयला मैंने उठाया था. जाली मैंने बंद की थी. मग फोन मुलीच्या हातात देईन, तिने त्यांच्याशी बोलावं म्हणून. तेवढं देणं मी देईन, चाचा. वचन आहे.